स्मृती संपते तेव्हा : लिनक्समधील बळीनिवडीचा इतिहास

संगणकाची स्मृती संपली असता कर्नेलने काय करावे, हा प्रश्न वरवर पाहता केवळ यांत्रिक वाटतो. परंतु लिनक्स या कार्यप्रणालीच्या इतिहासात तो कोणाचे काम मोडावे या निवाड्याचा प्रश्न झाला. हा निवाडा करण्याचा अधिकार कर्नेलने पुढे हळूहळू सोडून दिला, याकडे मात्र अभ्यासकांचे फारसे लक्ष जात नाही.

मूळ अडचण जुनीच आहे. मँचेस्टर विद्यापीठातील ॲटलास या यंत्रात (१९६२) १६,३८४ शब्दांची गाभास्मृती व ९८,३०४ शब्दांचे ड्रम मिळून एकच सलग स्मृती असल्याचा भास निर्माण केला जाई. कोणते पृष्ठ ड्रमवर धाडावे हे यंत्रच ठरवी. निवड चुकली तरी पृष्ठ परत आणता येई. दंड पडे तो वेळेचा. हा दंडही वाढत जाऊन यंत्र केवळ पृष्ठांच्या ने-आणीतच गुंतून पडते, हे पीटर डेनिंग यांनी १९६८ मध्ये दाखवून दिले.

लिनक्समध्ये याहून कठोर प्रसंग उद्भवला, आणि त्याचे मूळ युनिक्सच्या परंपरेत आहे. तेथे नवी प्रक्रिया जन्मते ती जुनीची प्रतिकृती म्हणून. प्रत्येक प्रतिकृतीसाठी पूर्ण जागा राखून ठेवावी, तर बहुतेक जागा वाया जाते. कारण लेखन होईपर्यंत दोघींना तीच पृष्ठे पुरतात. म्हणून लिनक्सने शिलकीपेक्षा अधिक स्मृती देऊ करण्याचे धोरण स्वीकारले. सर्व ठेवीदार एकाच दिवशी येणार नाहीत या भरवशावर पेढी चालते, तसाच हा व्यवहार. मात्र येथे एक भेद आहे. मागणीच्या वेळी दिलेला नकार आज्ञावलीस ऐकता येतो. पुढे पृष्ठाला प्रथम स्पर्श होताना जागा नसेल, तर तो नकार कळविण्याची वाटच उरत नाही. उरतो तो वध.

रिक व्हॅन रील यांनी १९९८ ते २००० या काळात लिहिलेल्या भागात या वधाचे निकष दिसतात. कमीत कमी काम वाया जावे, पुष्कळ स्मृती सुटावी, निरपराध प्रक्रिया मरू नये, शक्यतो एकच मारावी, आणि वापरणाऱ्यास अपेक्षित असेल तीच मारावी. त्यासाठी प्रक्रियेच्या आकारमानास तिने वापरलेल्या गणनकालाच्या वर्गमुळाने आणि तिच्या वयाच्या चतुर्थमुळाने भागीत. प्रशासकाच्या प्रक्रियेचे गुण चतुर्थांश होत, तर स्वेच्छेने मागे सरलेल्या, म्हणजे कमी अग्रक्रम घेतलेल्या प्रक्रियेचे दुप्पट. सौजन्याला दंड देणारा हा नियम विचित्रच म्हटला पाहिजे. आंद्रीस ब्राउअर यांनी २००४ मध्ये या साऱ्या व्यवस्थेची तुलना कमी इंधन घेऊन उडणाऱ्या आणि संकटकाळी प्रवासी बाहेर फेकणाऱ्या विमानाशी केली. ही थट्टा मर्मावर बसणारी होती. कारण तंटा सूत्राचा नसून न परवडणाऱ्या आश्वासनांचा होता. आश्वासने मर्यादेत ठेवण्याची कडक पद्धत लिनक्समध्ये उपलब्ध आहे, पण ती मूलभूत ठेवण नव्हे.

डेव्हिड रिएंट्जेस यांनी २०१० मध्ये (आवृत्ती २.६.३६) सूत्र नव्याने लिहिले. वय गेले, श्रम गेले, अग्रक्रम गेला; उरले ते मुख्यतः व्यापलेल्या स्मृतीचे प्रमाण. नियम स्वच्छ झाला, पण ज्या माहितीसंग्रहासाठी यंत्र उभे केलेले असते, तोच बहुधा सर्वांत मोठा असतो. म्हणून −१००० ते +१००० असा सुधारांक प्रशासकाच्या हाती दिला गेला. −१००० दिल्यास प्रक्रिया अवध्य होते. मोल ठरविणे आता माणसाकडे आले.

वधाचा आदेश दिल्यानेही काम भागत नाही. मरणारी प्रक्रिया एखाद्या कुलुपापाशी अडकली, तर तिची स्मृती सुटत नाही आणि सारे यंत्र तिष्ठत राहते. यावर २०१६ मध्ये आवृत्ती ४.६ मध्ये मिखाल होत्स्को यांनी उपाय आणला : बळी मरण्याची वाट न पाहता त्याची खाजगी पृष्ठे काढून घेणारा स्वतंत्र सूत्रधार. पुढे २०१८ मध्ये स्मृतीच्या टंचाईने प्रक्रियांना किती काळ खोळंबावे लागते याचे मापन कर्नेलमध्ये आले. त्याच्या आधारे कर्नेलबाहेरील आज्ञावली स्मृती पुरती संपण्याआधीच बळी निवडू लागल्या. कर्नेलचा जुना मारेकरी मात्र अजूनही आपल्या जागी आहे. हे सारे उपाय फसले, की पाळी त्याची असते.