समुद्रात लोटलेली माणसे

१७८१ च्या नोव्हेंबरअखेर ‘झाँग’ हे इंग्रजी जहाज आफ्रिकेतून गुलाम घेऊन जमैकाकडे चालले होते. पाणी अपुरे असल्याची सबब पुढे करून त्यातील सुमारे १३० माणसे खलाशांनी जिवंत समुद्रात लोटली. गुलाम रोगाने मेला तर विम्याची भरपाई मिळत नसे. जहाज वाचविण्यासाठी फेकलेल्या मालाची मात्र मिळे. मालकांनी माणशी ३० पौंड मागितले. १७८३ मध्ये लंडनच्या न्यायासनापुढे जो वाद चालला, तो केवळ या रकमेपुरता.

अशा व्यापाराचे चित्र काढावे तरी कसे? १७८९ साली गुलामव्यापाराच्या विरोधकांनी लंडनमध्ये ‘ब्रुक्स’ या लिव्हरपूलच्या जहाजाचा आराखडा छापला. त्यात रक्त नाही, अश्रू नाहीत; जहाजाच्या पोटात फळीला फळी भिडवावी तशा निजविलेल्या ४८२ मनुष्याकृती तेवढ्या आहेत. व्यापाऱ्याचीच मोजपट्टी त्याच्यावर उलटविणारा हा कागद इंग्लंडभर पसरला. १८०७ मध्ये पार्लमेंटने हा व्यापार बंद केला, त्यामागील लोकमत घडविण्यात त्याचा वाटा मोठा होता.

१८४० साली टर्नरने लंडनच्या रॉयल अकादमीत जे चित्र मांडले, त्यात मोजमापाला स्थानच नाही. रक्तवर्ण सूर्यास्त, खवळलेला दर्या, दूरवर वादळात सापडलेले जहाज. आणि अगदी पुढे, लाटांतून वर आलेला बेडी घातलेला एक पाय व त्यावर तुटून पडणारे मासे. अनेक अभ्यासक या चित्राचा संबंध ‘झाँग’शी जोडतात.

रस्किनने १८४३ मध्ये या चित्रातील समुद्राची मुक्तकंठाने स्तुती केली. ते जहाज गुलामांचे आहे ही गोष्ट मात्र त्याने तळटीपेत सांगितली. पुढे हे चित्र त्याच्याच घरी आले. कालांतराने त्याने ते विकले. आज ते बॉस्टनच्या संग्रहालयात आहे. खुद्द टर्नरनेही १८०५ मध्ये गुलामांच्या श्रमावर चालणाऱ्या जमैकातील एका गुरांच्या मळ्याच्या उद्योगात १०० पौंड गुंतविले होते. त्या पापापासून चित्रकारही अलिप्त नव्हता, हे जाणूनच चित्रापुढे उभे राहिले पाहिजे.

आराखड्याने संख्या दिली, टर्नरने संताप दिला. चेहरा मात्र दोहोंतही उमटला नाही. ‘झाँग’वरून लोटलेल्यांची नावेही इतिहासाला ठाऊक नाहीत. म्हणून रसिकाने आकाशातील रंगांकडे वळण्यापूर्वी पाण्यातील तो पाय पाहावा. तो कुणा एका माणसाचा आहे.