डेपोवरून नाव पडलेलं गाव : मिडवेस्ट सिटी

आता ओक्लाहोमा राज्यातल्या मिडवेस्ट सिटीकडे येऊ. ओक्लाहोमा सिटीला पूर्वेकडून लागून असलेलं हे उपनगर, वस्ती साधारण अठ्ठावन्न हजार. १९४१ साली इथं शेतं होती. लष्कर विमानदुरुस्तीचा डेपो काढणार हे कळताच बिल ॲटकिन्सन या बांधकाम व्यावसायिकानं जागेचा अंदाज बांधून लगतची जमीन घेऊन टाकली. अंदाज बरोबर निघाला! (विमानतळाच्या नुसत्या बातमीनं आपल्याकडे काय होतं, ते मी सांगायला नको.)

डेपोचं नाव 'मिडवेस्ट', म्हणून गावाचंही तेच. गंमत बघा, १९४२ मध्येच तळाचं नाव बदललं. ओसेज जमातीचे मेजर जनरल क्लॅरन्स टिंकर याच भागात जन्मलेले. त्या जूनमध्ये त्यांचं विमान पॅसिफिकमध्ये पडलं, देह सापडला नाही. तळ 'टिंकर' झाला. गाव जुन्याच नावानं राहिलं.

शेजारच्या डग्लस कारखान्यात हजारो सी-४७ विमानं बनली. आपण त्यांना डाकोटा म्हणतो. १९४७ मध्ये श्रीनगरला आपले जवान याच जातीच्या विमानांतून उतरले. १९४५ मध्ये कारखाना बंद पडला. युद्धासाठी वसलेली गावं अशा वेळी ओस पडतात. हे पडलं नाही, कारण विमानं आहेत तोवर दुरुस्ती आहेच. कारखान्याची इमारतसुद्धा तळानं घेतली. शिवाय ॲटकिन्सननं बराकी नव्हे, विकत घ्यायची घरं बांधली होती. हप्ते फेडणारा माणूस सहसा गाव सोडत नाही. आज रस्त्यापलीकडे बी-५२ दुरुस्त होतात, आणि गावातला एक मोठा रस्ता अजूनही 'एअर डेपो बुलेवार्ड'च आहे.