जलाशयाखालचे आंबेगाव आणि नकाशांचे थर

१/ तालुक्याचे नाव आंबेगाव, पण कचेरी घोडेगावला. ज्या गावाने तालुक्याला नाव दिले, ते जुने आंबेगाव घोड नदीवरील डिंभे धरणाच्या पाण्यात गेले. उन्हाळ्यात पाणी ओसरले की जुन्या मंदिरांचे अवशेष उघडे पडतात. एरवी ते गाव पाहायचे कसे? हा धागा त्या रीतीविषयी.

२/ त्यासाठी दोन चित्रे लागतात : सर्व्हे ऑफ इंडियाचा धरणापूर्वीचा स्थलदर्शक नकाशा आणि आजचे उपग्रहचित्र. हा परिसर नकाशांच्या ‘४७ ई’ या गटात येतो. संगणकावर उपग्रहचित्राचा थर खाली आणि नकाशाचा थर वर ठेवायचा.

३/ येथे पहिली अडचण येते. वरचा थर ‘नॉर्मल’ असेल, तर तो खालचे सारे झाकतो. त्याची पारदर्शकता वाढवली, तर नकाशाचा पांढरा कागद धुक्यासारखा पसरतो आणि रेषाही फिकट होतात. दोन्ही चित्रे दिसतात, पण धड एकही नाही.

४/ यावर उपाय म्हणजे ‘मल्टिप्लाय’ हा ब्लेंड मोड. पांढरा म्हणजे १, काळा म्हणजे ० असे मानून प्रत्येक ठिकाणच्या दोन्ही थरांच्या किमतींचा गुणाकार होतो. १ ने गुणले की खालचा रंग तसाच राहतो. ० ने गुणले की काळा होतो. कागद नाहीसा होतो, रेषा उरतात. निळ्या पाण्यावर जुन्या वाटा आणि घरांच्या खुणा उमटतात.

५/ ही कल्पना संगणकाहून जुनी आहे. शिळाप्रेसवर रंगीत चित्र छापताना प्रत्येक रंगासाठी वेगळी शिळा असे. एका शाईवर दुसरी पारदर्शक शाई चढली की तिसरी छटा तयार होई. राजा रविवर्मा यांचा १८९४ साली मुंबईत सुरू झालेला छापखाना पुढे याच पुणे जिल्ह्यात, लोणावळ्याजवळ मळवलीला आला. देवघरांतल्या तसबिरी अशाच थराथरांनी रंगल्या.

६/ स्थलदर्शक नकाशाही तसाच : पाणी निळे, समोच्च रेषा तपकिरी, वनराई हिरवी, वस्ती तांबडी. पुढे १९८४ साली थॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी संगणकावर प्रतिमा एकमेकींवर बसवण्याचे गणित सूत्रबद्ध केले. १९९४ मध्ये फोटोशॉपच्या तिसऱ्या आवृत्तीत थर आले आणि हे काम सर्वांच्या हाती आले.

७/ पण थर जुळवायचे कशावर? जलाशयाच्या काठावर मुळीच नाही. तो दर महिन्याला सरकतो. डोंगरांची शिखरे आणि पाण्याबाहेर राहिलेली जुनी देवळे असे न हललेले बिंदू घ्यावेत. ते चारही दिशांना विखुरलेले असावेत; एकाच बाजूचे बिंदू घेतले, तर दुसऱ्या बाजूला नकाशा घसरतो आणि गाव भलत्याच ठिकाणी ‘सापडते’.

८/ दुसरा उपयोगी मोड ‘डिफरन्स’. यात एका थरातून दुसरा वजा होतो. जे सारखे ते काळे, जे बदलले ते उजळ. पावसाळ्यानंतरचे आणि मे महिन्यातले अशी दोन उपग्रहचित्रे या मोडमध्ये ठेवली, की उन्हाळ्यात उघडी पडणारी जमीन उजळ पट्ट्यासारखी दिसते. मात्र डोंगरउतारावरचे वाळलेले गवतही उजळते. प्रत्येक उजेड म्हणजे पाण्याची खूण नव्हे.

९/ आता सर्वांत महत्त्वाचे. असे मिश्रचित्र हा पुरावा नव्हे, ते पुराव्याचे वाचन आहे. ते प्रसिद्ध करताना मूळ नकाशाचे वर्ष, उपग्रहचित्राची तारीख आणि वापरलेला मोड लिहावा. मूळ प्रत अस्पर्श ठेवावी. नाहीतर आपले सुबक चित्रच चार वर्षांनी ‘जुना नकाशा’ म्हणून फिरू लागते.

१०/ आणि नकाशाची मर्यादाही ओळखावी. वस्तीचा तांबडा ठिपका गाव कुठे होते ते सांगतो. कोणाचे घर कोठे, बाजार कुठल्या वाटेवर, हे सांगत नाही. ते तिथून उठून गेलेल्या माणसांना ठाऊक आहे. म्हणून थर जुळवून झाले की त्या चित्राची मोठी छापील प्रत घेऊन एखाद्या वडीलधाऱ्यांसमोर बसावे आणि ते जिथे बोट ठेवतील तिथे नाव लिहावे.

११/ आज या जलाशयाला याच तालुक्याचे सुपुत्र हुतात्मा बाबू गेनू यांचे नाव आहे. नवे नाव आदराने घ्यावे, आणि त्याखालचे जुने नावही वाचता यावे, इतकाच या खटाटोपाचा हेतू. आपल्या भागातही एखादे गाव पाण्याखाली असेल, तर सुरुवात त्याच्यापासून करा.