सर्पगंधा, ससे आणि काकांचं डोलणं

"हे हलणं आजाराचं की गोळ्यांचं हो?" घरात कंपवाताचा, म्हणजे पार्किन्सन्सचा पेशंट असला की हा प्रश्न कधी ना कधी येतोच. मी काही डॉक्टर नाही. पण जुन्या गोष्टी खणत बसायची खोड आहे (घरचे तिला दुसरा शब्द वापरतात). खणता खणता कळलं की हा प्रश्न चांगला सत्तर वर्षांचा आहे. इतकंच नाही, तर या आजाराचं मूळ हाती लागलं तेच मुळी थरथर आणणाऱ्या एका औषधामुळे. आणि त्या औषधाचा धागा येतो आपल्या मुंबईपर्यंत!

सर्पगंधेची मुळी आपल्याकडे पूर्वापार वापरात होती. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकिलांनी ती रक्तदाबाच्या ५० रुग्णांना देऊन पाहिली आणि १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये निष्कर्ष छापले. मग पाश्चात्त्य जग जागं झालं. १९५२ साली स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीतल्या शास्त्रज्ञांनी त्या मुळीतून रिसर्पिन वेगळं काढलं. रक्तदाबावर ते चाललंच, शिवाय मनोरुग्णालयांतही मोठ्या मात्रेत दिलं जाऊ लागलं. तिथे एक विचित्र गोष्ट दिसली. काही रुग्णांचे चेहरे मख्ख व्हायचे, चाल मंदावायची, हात थरथरायचे. हुबेहूब कंपवात! औषध थांबवलं की हे सगळं ओसरायचं.

हा दुष्परिणाम बघून स्वीडनच्या आर्विद कार्लसन यांना मात्र त्यात वाट दिसली. १९५७ साली त्यांनी सशांना रिसर्पिन दिलं. ससे कान पाडून निपचित पडले. मग एल-डोपाचं इंजेक्शन दिलं, आणि थोड्याच वेळात ससे उठून हिंडू लागले. मेंदूत डोपामिन नावाचं द्रव्य असतं, ते रिसर्पिनने रिकामं होतं आणि एल-डोपाने पुन्हा भरतं, हे त्यातून पुढे आलं. तेव्हा बऱ्याच मोठमोठ्या मंडळींना हे पटलं नव्हतं. नोबेल मिळालं ते २००० साली. पण १९६० सालीच व्हिएन्नात एहरिंगर आणि हॉर्निकिएविच यांनी कंपवाताने गेलेल्या लोकांचे मेंदू तपासले, तर तिथेही डोपामिनचा खडखडाट.

एवढं कळल्यावर औषध सोपं वाटेल. तसं झालं नाही. थोडं थोडं एल-डोपा देऊन कुणाला गुण यायचा, कुणाला नाही. अमेरिकेत जॉर्ज कोटझियास यांनी चिकाटीने मात्रा हळूहळू चढवत नेली आणि १९६७ साली अंथरुणाला खिळलेली माणसं चालू लागल्याचं जगाला सांगितलं. दोन वर्षांनी, १९६९ साली, त्यांच्याच रुग्णांत नवीन हालचाली दिसल्याची नोंद आली. मान वळवळणं, खांदे उडणं, अंग पिळवटल्यासारखं होणं. त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये ऑलिव्हर सॅक्स हेच औषध मेंदूज्वरानंतर वर्षानुवर्षं गोठून राहिलेल्या रुग्णांना देत होते. 'अवेकनिंग्ज' हे त्यांचं पुस्तक १९७३ चं. लोकांना त्यातलं जागं होणं आठवतं. नंतरचे झटके आणि तडफड फारसं कुणी आठवत नाही.

आमच्या मोठ्या काकांच्या बाबतीत हेच झालं. आठेक वर्षं गोळ्या चालू होत्या. मग खुर्चीत बसल्या बसल्या डोलायला लागले, एखाद्या संथ नाचासारखे. भेटायला येणारे दोन पक्षांत विभागले. एक म्हणे कंप वाढलाय, गोळी वाढवा. दुसरा म्हणे गोळ्यांनीच होतंय, बंद करा. डॉक्टरांनी दोन्हींपैकी काहीच केलं नाही. काकूंना एक वही घालायला सांगितली: गोळी किती वाजता, हलणं किती वाजता. आठवड्याभराने वहीत स्वच्छ दिसलं, डोलणं गोळीनंतर तासाभराने, नेमकं काका सर्वांत मोकळे असत तेव्हा.

कंपवाताचा खरा कंप ठेक्यात असतो, सेकंदाला चार ते सहा वेळा, हात स्वस्थ ठेवलेला असताना. हात कामाला लागला की तो कमी होतो. औषधाचं हलणं बिनठेक्याचं, वाहतं. डोपामिन साठवणाऱ्या पेशीच उरल्या नाहीत की प्रत्येक गोळीबरोबर मेंदूत भरती-ओहोटी सुरू होते, त्यातली ही भरतीची लाट. काकांची गोळी लहान लहान तुकड्यांत विभागली आणि जोडीला अमँटाडिन दिलं (हे मूळचं फ्लूचं औषध!). डोलणं संपलं नाही, कमी झालं. काकांचं त्यावर म्हणणं एवढंच, "हलू दे की. आपलं आपण पाणी तरी घेता येतंय." गोळ्या बंद करणाऱ्या पक्षाला त्यांनी चहासुद्धा थंडच पाजला असावा असा मला संशय आहे. या गोळ्या एकदम थांबवल्या तर ताप चढून अंग लाकडासारखं ताठ होऊ शकतं, जिवावर बेतू शकतं.

रिसर्पिनची भावंडं अजून आपल्या औषधांच्या डब्यात आहेत, हेही जाता जाता सांगतो. चक्करेवरचं सिनारिझिन, उलटीवरचं मेटोक्लोप्रामाइड, मानसिक आजारांवरचं हॅलोपेरिडॉल. म्हाताऱ्या माणसाला ही दीर्घकाळ चालू असली आणि हात थरथरायला लागले, तर आधी तो डबा डॉक्टरांपुढे ठेवावा. बऱ्याचदा औषध काढल्यावर काही आठवड्यांत-महिन्यांत थरथर जाते.

आणि खाजकुयलीच्या चूर्णाबद्दल विचारणाऱ्या सर्व आत्या-मावश्यांसाठी: त्या बियांत एल-डोपाच असतं. मद्रासच्या संशोधकांनी १९३७ सालीच ते त्यातून वेगळं काढून दाखवलंय. म्हणजे ते चूर्ण म्हणजे आणखी एक गोळीच, फक्त किती मोठी ते पुडीवरून कळत नाही. काकांना द्यायचं असेल तर आधी काकूंच्या वहीत लिहा आणि वही डॉक्टरांना दाखवा.