दारची रांगोळी

दिवाळीच्या पहाटे मोडनिंबच्या कोणत्याही गल्लीतून चालू लागले, की पाऊल कोठे टाकावे असा प्रश्न पडतो. बहुतेक अंगणांत आता फरशी आली, शेणसड्याच्या जागी पाण्याचा सडा आला. पण उंबऱ्यापुढे चार रेघा नाहीत असे घर सहसा सापडायचे नाही. आणि सापडलेच, तर येणारा-जाणारा क्षणभर थबकतो. या घरी काही बरेवाईट तर झाले नाही ना, अशी शंका त्याच्या मनाला चाटून जाते. रांगोळी असली म्हणजे बोलते, आणि नसली म्हणजे अधिकच बोलते.

शाळेत इतिहास शिकवताना आम्ही मुलांना ताम्रपट, शिलालेख, नाणी अशी साधने सांगतो. रांगोळीचे नाव त्या यादीत येत नाही, आणि ते साहजिकही आहे. सकाळी काढलेली रांगोळी संध्याकाळपर्यंत पायांखाली जाते. तिचा पुरावा राहायचा कोठे? तरीही जुन्या ग्रंथांनी तिची दखल घेतलेली आहे. वात्स्यायनाने कामसूत्रात ज्या ६४ कला सांगितल्या, त्यांत तांदूळ आणि फुले यांची नक्षी मांडण्याची एक कला आहे. सातव्या शतकातल्या ‘वरांगचरित’ या जैन काव्यात पंचरंगी चूर्णे, धान्ये आणि फुले यांनी भूमी सजवल्याचे वर्णन येते. दहाव्या शतकातल्या त्रिविक्रमभट्टाच्या ‘नलचंपू’त उत्सवाच्या दिवशी घरांपुढे रांगोळ्या काढलेल्या आहेत.

आम्हां सोलापूरकरांना सर्वांत जवळचा वाटावा असा ग्रंथ मात्र ‘मानसोल्लास’. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने तो रचला. त्याची राजधानी म्हणजे आजचे बीदर जिल्ह्यातले बसवकल्याण. आमचा हा मुलूख त्याच चालुक्यांच्या राज्यातला. कांडताना ओव्या गाणाऱ्या महाराष्ट्रातल्या बायकांची आठवण ठेवणाऱ्या या राजाने चित्रांचे प्रकार सांगताना ‘धूलिचित्र’ हाही एक प्रकार सांगितला आहे. धूलिचित्र म्हणजे आपली रांगोळी. पुढे श्रीकुमाराने ‘शिल्परत्न’ या ग्रंथात तिला ‘क्षणिकचित्र’ असेही म्हटले. क्षणिक! शास्त्रकाराने एका शब्दात तिचे सारे आयुष्य सांगून टाकले.

या क्षणिक चित्राचा संसार मात्र केवढा मोठा! बंगालात ती आल्पना, बिहारात अरिपन, राजस्थानात मांडणा, गुजराथेत साथिया, तमिळ देशात कोलम. आमच्या सोलापूर शहरात तर तेलुगू विणकरांच्या दारी ती मुग्गू होते, आणि दोन गल्ल्या ओलांडल्या की मराठी घरी पुन्हा रांगोळी. जानेवारीत सिद्धेश्वराच्या यात्रेत नंदीध्वज निघतात, तेव्हा त्यांच्या वाटेवर जी रांगोळी पडते ती कोणत्या भाषेतली, हे कोणी विचारत नाही.

रांगोळीचे सामानही साधेच. शिरगोळा नावाचा पांढरा दगड कुटून वस्त्रगाळ केला की झाली रांगोळी. तो मिळत नाही तेथे तांदळाची पिठी, नाहीतर भाताची फोलपटे जाळून केलेली पांढरी राख. अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीतून ती सारख्या धारेने सोडता आली पाहिजे. सारी विद्या काय ती एवढीच. वसुबारसेला गाईची पावले, लक्ष्मीपूजनाला लक्ष्मीची, चातुर्मासात गोपद्मे, चैत्रात गौरीपुढे चैत्रांगण. स्वस्तिक, शंख, कमळ, कासव, तुळशीवृंदावन हे तर बाराही महिन्यांचे पाहुणे. भिंतींचेही तसेच. चुन्याचा हात फिरवायचा, खाली गेरूचा पट्टा ओढायचा. नागपंचमीला भिंतीवर नाग काढायचा आणि श्रावणात जिवतीचा कागद लावायचा. घराचे पंचांगच ते, जमिनीवर आणि भिंतीवर मांडलेले.

इतके सारे ग्रंथांत सापडते, घरांत दिसते. सापडत नाही ते काढणारीचे नाव. आणि आणखी एक गोष्ट सापडत नाही, ती म्हणजे जिला काढू दिली नाही तिचे नाव.

आमच्या घरी आत्या होती. विशीच्या आतच कपाळ पांढरे करून माहेरी आलेली. तिच्या बोटांतून जी रेघ उतरे, तशी गल्लीत कोणाचीच उतरत नसे. दिवाळीच्या आधी आठ दिवस गल्लीतल्या मुली परसात तिच्याभोवती जमत. ती पाटीवर ठिपके देई, कोणता ठिपका कोणाशी जोडायचा ते सांगे, ज्ञानकमळाच्या पाकळ्या वळवून दाखवी. पण नरकचतुर्दशीच्या पहाटे सगळी दारे तिने शिकवलेल्या नक्षीने भरून गेलेली असत, तेव्हा ती स्वतः चुलीपुढे पाणी तापवीत बसलेली असे. समोरच्या दाराशी रांगोळी घालायची ती सवाष्णीने, नाहीतर कुमारिकेने. तिला कोणी ‘काढू नकोस’ म्हटल्याचे मला आठवत नाही. म्हणावे लागतच नव्हते.

विधवांच्या पुनर्विवाहाचा कायदा १८५६ साली झाला. १८९६ साली धोंडो केशव कर्व्यांनी पुण्यात अनाथ बालिकाश्रम काढला. शाळेत या सनावळ्या मी दरवर्षी फळ्यावर लिहितो. पण कायदा लग्नाच्या मांडवापर्यंत पोचला, आश्रम शाळेच्या दारापर्यंत पोचला; घरच्या उंबऱ्याशी येऊन दोघेही थांबले. आषाढीला आमच्या स्टेशनावरून पंढरपूरची गाडी वारकऱ्यांनी भरून जाते. पालख्यांच्या वाटांवर रांगोळीच्या पायघड्या पडतात. डोक्यावर तुळस घेऊन चालणाऱ्या बाईला तिच्या कपाळाकडे पाहून त्या वाटेवर कोणी अडवत नाही. घरी परतल्यावर मात्र तोच उंबरा आडवा येतो.

२०२२ साली कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने ४ मे रोजी ठराव केला, की पती वारल्यावर बाईचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे या प्रथा आपल्या गावात बंद. त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर गावांनीही हा कित्ता गिरवावा असे परिपत्रक काढले. या ठरावाची कल्पना पुढे आणणारे प्रमोद झिंजाडे आमच्याच जिल्ह्यातले, करमाळ्याचे. ती बातमी मी घरी मोठ्याने वाचून दाखवली. आत्या ऐकत होती. ती काही बोलली नाही.

त्या दिवाळीला वसुबारसेच्या पहाटे माझ्या पत्नीने सडा टाकला, आणि रांगोळीची वाटी आत्यापुढे नेऊन ठेवली. आत्याने वाटीकडे पाहिले, मग दाराकडे.

“उंबऱ्याच्या आत काढू का बाहेर गं?” तिने विचारले.

“बाहेर, आत्याबाई.”

सत्तरी ओलांडलेला हात. पहिल्या पाच ठिपक्यांची ओळ वाकडीच पडली. आत्याने ती तळहाताने पुसली आणि पुन्हा घातली. कमळ पुरे व्हायला बराच वेळ लागला. समोरच्या घरची सून पाण्याची घागर घेऊन थांबली, पाहत राहिली, आणि काहीच न बोलता रांगोळीला वळसा घालून गेली.

दुपारपर्यंत ते कमळ पोरांच्या पायांखाली पुसलेही गेले. क्षणिकचित्रच ते. दुसऱ्या दिवशी धनत्रयोदशी होती. पत्नी सडा टाकायला उठली, तेव्हा आत्या मांडीवर वाटी घेऊन उंबऱ्याशी बसलेली होती, अंगण ओले होण्याची वाट पाहत.