दुकानात आठच माणसं? तरीही तक्रार करता येते

शिनोळीचा काजू कारखाना, उद्यमबागेतलं एखादं छोटं युनिट, खानापूरचं कापड दुकान. सीमाभागातल्या कितीतरी बायका अशा ठिकाणी राबतात, जिथे कामाला माणसं आठ-नऊच. सुपरवायझर नको तिथे हात लावतो, रात्री मोबाईलवर घाण मेसेज टाकतो, 'ऐकलंस तर हजेरी भरतो' म्हणतो. सांगायचं कुणाला? घरून उत्तर ठरलेलं असतं: काम सोड.

कायदा तसं म्हणत नाही. राजस्थानातल्या 'विशाखा' प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली आणि २०१३ मध्ये कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्ध स्वतंत्र केंद्रीय कायदा झाला. कर्नाटक, महाराष्ट्र, गोवा, सगळीकडे तोच लागू. दहा किंवा त्याहून जास्त कर्मचारी असतील तिथे मालकाने अंतर्गत समिती नेमायलाच हवी. अध्यक्ष महिला, निम्म्याहून कमी नाहीत इतक्या महिला सदस्य आणि एक सदस्य बाहेरच्या संस्थेचा. समिती नेमली नाही तर ५० हजार रुपयांपर्यंत दंड आहे.

दहाच्या आत माणसं असतील, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती. हे फार कमी जणींना माहीत असतं. घरकामाला जाणाऱ्या बाईलाही हीच समिती, कारण कायद्याच्या लेखी दुसऱ्याचं घर हे तिचं कामाचं ठिकाणच. जिल्ह्याच्या गावी जाणं जमत नसेल तर तालुक्याच्या नोडल अधिकाऱ्याकडे तक्रार द्यायची. त्याने ती सात दिवसांत समितीकडे पाठवायची असते.

सीमेवर घोळ होतो तो इथेच. समितीचा अधिकार तिच्या जिल्ह्यापुरता. बाई बेळगाव तालुक्यात राहते आणि कामाला शिनोळीला जाते, तर समिती कोल्हापूर जिल्ह्याची. बेळगाव कितीही जवळ असलं तरी. चंदगडहून उद्यमबागेत येणारीचं नेमकं उलट. बघायचं ते कामाच्या ठिकाणाचा जिल्हा, आधार कार्डावरचा पत्ता नव्हे.

मग भाषा. 'कन्नडमध्ये आणा' म्हणून परत पाठवलं तर? राज्यघटनेच्या कलम ३५० नुसार गाऱ्हाण्याचा अर्ज राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत सरकारी अधिकाऱ्याकडे देता येतो, म्हणजे बेळगावात मराठीतही. व्यवहार म्हणून सोबत कन्नड किंवा इंग्रजी प्रत जोडलेली बरी. हक्क खरा असला तरी टेबलावरचा माणूस अडवू शकतो.

तारखेचं मात्र सांभाळायला हवं. घटनेपासून, किंवा वारंवार होत असेल तर शेवटच्या घटनेपासून, तीन महिन्यांत लेखी तक्रार. सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. लिहिता येत नसेल तर लिहून घ्यायला मदत करणं समितीचं काम. मेसेज पुसू नयेत, कितीही किळस आली तरी. चौकशी चालू असताना बदली किंवा तीन महिन्यांपर्यंत रजा मागता येते. तक्रार सिद्ध झाली नाही एवढ्यावरून बाईला खोटारडी ठरवता येत नाही. तिचं नाव, साक्षीदारांचं नाव, आरोप झालेल्याचंही नाव बाहेर फोडता येत नाही; गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तर नाहीच.

चौकशी ९० दिवसांत संपवायची असते, पण घाई केली तर तीही अंगाशी येते. गोवा विद्यापीठातल्या एका विभागप्रमुखाविरुद्ध विद्यार्थिनींनी २००९ मध्ये तक्रारी केल्या. समितीने थोड्याच दिवसांत एकामागोमाग बैठका उरकल्या, पुढे त्यांची नोकरी गेली. १२ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही कारवाई रद्द केली, कारण त्यांना बाजू मांडायला पुरेशी संधी मिळाली नव्हती. चौकशी पुन्हा त्याच समितीकडे गेली. मुलींच्या पदरात चौदा वर्षांनी काय पडलं?

त्याच प्रकरणात न्यायालयाने कायद्याच्या अंमलबजावणीतल्या त्रुटींवर बोट ठेवलं. मग ३ डिसेंबर २०२४ च्या आदेशात प्रत्येक जिल्ह्यात ३१ डिसेंबरपर्यंत जिल्हा अधिकारी आणि ३१ जानेवारी २०२५ पर्यंत स्थानिक समिती नेमायला सांगितलं. आपल्या जिल्ह्याची समिती कुठे बसते, तालुक्याचा नोडल अधिकारी कोण, हे जिल्हाधिकारी कार्यालयात किंवा महिला व बालविकास विभागात विचारता येतं. केंद्राच्या 'शी-बॉक्स' पोर्टलवरही तक्रार नोंदवता येते.