नेरूळचं मैदान आणि बायकांची जागा



आज एका मैदानाची गोष्ट सांगते. तुम्ही म्हणाल, बचत गटाच्या बायांना शहरातल्या मैदानाचं काय करायचं? शेवटपर्यंत ऐका, मग ठरवा.

आपल्या भागातली कितीतरी माणसं पोटासाठी नवी मुंबईत आहेत. कुणी बांधकामावर, कुणी तुर्भ्याच्या बाजारात. हे शहर काही फार जुनं नाही. 1970 साली सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरणकडच्या 95 गावांच्या जमिनीवर ते उभं राहिलं. भातशेती आणि मिठागरं गेली, इमारती आल्या. त्यातल्याच नेरूळला शीव-पनवेल रस्त्यालगत डॉ. डी. वाय. पाटील स्टेडियम आहे. हे मैदान 2008 साली सुरू झालं. सुमारे 45 हजार लोक बसतात. छताला मधे खांब नाहीत, त्यामुळे कोणत्याही खुर्चीवरून खेळ पूर्ण दिसतो.

तिथे नुसतं क्रिकेट होतं असं नाही. 2017 साली सतरा वर्षांखालच्या मुलांच्या फुटबॉल विश्वचषकाचे सामने झाले, 2022 साली मुलींच्या विश्वचषकाचा अंतिम सामनाही झाला. गाण्याचे मोठे कार्यक्रमही होतात. जानेवारी 2025 मध्ये कोल्डप्ले या इंग्लंडच्या वाद्यवृंदाचे तीन कार्यक्रम झाले, तेव्हा देशभरातून लोक आले. नवी मुंबई म्हटलं की आता लोकांना हे मैदान आठवतं.

पण इतक्या मोठ्या मैदानात बायका खेळायला कशा पोहोचल्या, हे आज सांगायचंय.

पन्नास वर्षं मागं जाऊ. 1973 साली महिला क्रिकेटची देशातली संघटना स्थापन झाली. पहिली राष्ट्रीय स्पर्धा त्याच वर्षी पुण्यात झाली. संघ किती? फक्त तीन. मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश. कराडच्या खासदार प्रेमलाकाकी चव्हाण यांनीही या संघटनेचं अध्यक्षपद सांभाळलं. पैसा नव्हता. खेळाडू आरक्षण नसलेल्या डब्यातून प्रवास करायच्या, जमिनीवर अंथरूण टाकून झोपायच्या. त्या काळच्या खेळाडू नूतन गावस्कर यांनी सांगितलंय की संघात बॅटी तीनच असायच्या. एक बाद होऊन आली की तिचीच बॅट आणि पॅड घेऊन पुढची आत जायची. आपल्या गटात पहिल्यांदा एकच शिलाई मशीन होतं, तेव्हा पाळी लावून शिवायचो ना, तसंच.

पुरुषांचं क्रिकेट मात्र श्रीमंत होत गेलं. 2006 साली महिलांचा खेळ पुरुषांच्याच क्रिकेट मंडळाकडे, म्हणजे बीसीसीआयकडे आला. वाटलं, आता सगळं नीट होईल. पण 2013 साली काय झालं ते ऐका. महिलांचा विश्वचषक मुंबईत होता आणि सामने वानखेडे स्टेडियमवर ठरले होते. तेवढ्यात पुरुषांच्या रणजी करंडकाचा अंतिम सामना वानखेडेवर घ्यायचं ठरलं. झालं, महिलांचे सामने दुसऱ्या मैदानांवर हलवले. सगळ्या जगाच्या बायका खेळायला आलेल्या, आणि जागा देशातल्या पुरुषांच्या स्पर्धेला. तो रणजीचा सामना तिसऱ्याच दिवशी संपला.

तेव्हा कारण एकच सांगितलं जायचं : बायकांचा खेळ बघायला येतंय कोण?

याचं उत्तर नेरूळच्या मैदानानं दिलं. डिसेंबर 2022 मध्ये भारत आणि ऑस्ट्रेलियाच्या महिला संघांचे सामने तिथे ठेवले आणि प्रवेश मोफत केला. दुसऱ्या सामन्याला चाळीस हजारांहून जास्त माणसं आली. सामना बरोबरीत सुटला, जादा षटक टाकावं लागलं आणि भारत जिंकला. त्याच वर्षी ऑक्टोबरात मंडळानं महिला आणि पुरुष खेळाडूंना भारताकडून खेळताना सामन्याचं मानधन सारखं केलं होतं. एका कसोटीचे 15 लाख, एकदिवसीय सामन्याचे 6 लाख, टी-ट्वेंटीचे 3 लाख. मार्च 2023 मध्ये महिला प्रीमियर लीगचा पहिला सामनाही याच मैदानावर झाला. त्या स्पर्धेला बायका-मुलींना तिकीट नव्हतं.

मग आला 2025 चा विश्वचषक. बंगळूरच्या मैदानाबाहेर जूनमध्ये चेंगराचेंगरी होऊन 11 माणसं गेली. त्यानंतर तिथले सामने नेरूळला आणले. साखळी सामन्यांची तिकिटं 100 रुपयांपासून होती. उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियानं 338 धावा केल्या. मुंबईच्या जेमिमा रॉड्रिग्जनं नाबाद 127 धावा केल्या आणि भारतानं तो डोंगर पार केला. 2 नोव्हेंबरला अंतिम सामना. पावसानं दोन तास उशीर, तरी मैदान भरलेलं. भारताच्या 298 धावा, दक्षिण आफ्रिकेच्या 246. शेफाली वर्माच्या 87 धावा, दीप्ती शर्माचे पाच बळी. मध्यरात्री हरमनप्रीत कौरनं शेवटचा झेल घेतला आणि भारतीय महिलांनी पहिल्यांदा विश्वचषक जिंकला. 2005 आणि 2017 ला अंतिम सामन्यात हरल्या होत्या.

त्या रात्री खेळाडूंनी करंडक मिताली राज, झुलन गोस्वामी, अंजुम चोप्रा या जुन्या खेळाडूंच्याही हातात दिला. मला यातलं हेच सगळ्यात आवडलं. आधीच्या बायांनी जमिनीवर झोपून खेळ चालू ठेवला म्हणून या मुली तिथवर आल्या, हे त्या विसरल्या नाहीत.

आता आपल्याकडे येऊ. त्याच संघातली स्मृती मानधना सांगलीची. ती महाराष्ट्राच्या संघाकडून खेळते. परभणी जिल्हाही त्याच महाराष्ट्र क्रिकेट संघटनेत येतो. म्हणजे सेलू, जिंतूर, पालमची एखादी मुलगी पुढं गेली, तर ती त्याच संघाकडून खेळेल. पण तिला गावात खेळायला जागा कुठे आहे? शाळेच्या मैदानावर संध्याकाळी पोरं असतात. सातवी-आठवीला गेली की आपणच मुलीला म्हणतो, आता पुरे, लोक काय म्हणतील. मैदानाजवळ संडास नाही, दिवा नाही, म्हणून ती आपोआप घरात बसते. “मुलींना खेळायची आवडच नसते” असं मग आपण सांगतो. वानखेडेवाल्यांपेक्षा हे काही वेगळं बोलणं नाही.

म्हणून या महिन्याच्या गटाच्या बैठकीत तीन गोष्टी बोला. एक, शाळेच्या मैदानावर आठवड्यातून दोन संध्याकाळी फक्त मुलींना द्या, असा ठराव करा. खो-खो, कबड्डी, क्रिकेट, जे हवं ते खेळू द्या. दोन, मोठ्या बायांपैकी दोघी पाळीपाळीनं तिथं जाऊन बसा, म्हणजे घरची माणसं मुलींना सोडतील. तीन, ग्रामसभेआधी महिला सभा होते, तिथे मैदानाजवळच्या संडासाचा आणि दिव्याचा विषय लिहून द्या. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले 10 टक्के महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचे असतात. त्यातले किती खर्च झाले, तेही विचारा. ठरावाची नोंद इतिवृत्तात करायला लावा, तोंडी राहू देऊ नका.

आणि पहिल्या संध्याकाळी तीनच मुली आल्या, तर नाराज होऊ नका. 1973 ला संघही तीनच होते.

पुढच्या वेळी तुमच्या गावात काय ठरलं ते ऐकायला मी वाट बघते. नमस्कार.